दाजी, काडी की लायटर?

दाजी, काल तुमचा तेरावा झाला. आज मी तुमच्या ओसरीवर, तुमच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसलोय. तुमच्या खुर्चीत कुणी बसत नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून सतरंजीवर बसतो आणि पाय अवघडले की माझ्या बहिणीकडे, अक्काकडे बघतो. अक्का आता कुणाकडेच बघत नाही. दमलीय ती. मीही दमलोय. येणाऱ्या प्रत्येकाचे तेच प्रश्न, कसं झालं, झोपेतच का, त्रास झाला का, शेवटी काही बोलले का. धुळ्याच्या कोर्टात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उलटतपासण्या घेतल्या, पण असं रोज सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यात उभं राहायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. उत्तरं देऊन देऊन तोंडाची चव गेली.

त्यात आणखी एक. जाताना निम्मी माणसं दाराशी घुटमळतात आणि हळूच म्हणतात, वकीलसाहेब, आठवण म्हणून एखादा लायटर मिळाला असता तर. मी म्हणतो, अक्काला विचारा. अक्काला विचारायची हिंमत कुणालाच होत नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असणार.

गावात तुम्हाला कापसाच्या जिनचे मॅनेजर म्हणून ओळखतात, आणि लोक बोलतातही तेच. प्रामाणिक माणूस, कडक माणूस, शेठजींचा उजवा हात. खरं असेल. माझ्यासाठी तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे. शिवाय सगळ्या खान्देशात एकटेच असे गृहस्थ, की ज्यांच्या कपाटात पाईपचे आणि सिगारचे लायटर ओळीनं मांडलेले होते आणि ज्यांनी जन्मात साधी विडीसुद्धा ओढली नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा ते कपाट पाहिलं तेव्हा मी अक्काला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अक्का, यांचं डोकं बरं आहे ना?" ती म्हणाली, "जिनच्या फाटकावर जाऊन बघ, मग कळेल."

फाटकावर जाऊन बघितलं. कापसाच्या जिनात आगीएवढी भीती कशाचीच नसते. आवारात सरकीसकट कापसाचे ढीग, आत सरकी काढलेल्या रुईचे गठ्ठे, हवेत उडणारे कापसाचे तंतू. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून तुमच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या खोलीत एक लाकडी फळी होती. आत जाणाऱ्यानं काडेपेटी, विड्या, लायटर तिथं ठेवायचे, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि बाहेर येताना बिल्ला देऊन आपलं सामान घेऊन जायचं. गाडीवान असो, दलाल असो, मुंबईच्या गिरणीचा खरेदीदार असो, सगळ्यांना एकच कायदा. शेठजींचे व्याही कलकत्त्याहून आले होते, दोन बोटं जाड सिगार तोंडात, आणि तुम्ही त्यांना मोटारीतून उतरवून खिसे रिकामे करायला लावले. शेठजी स्वतः जैन, धुराच्या वाऱ्याला न उभे राहणारे, पण त्या दिवशी त्यांच्याही कपाळावर घाम आला. व्याह्यांनी लायटर फळीवर ठेवला, न पेटलेला सिगार तोंडात तसाच धरून अख्खं जिन पाहिलं आणि परतीची गाडी गाठायच्या घाईत लायटर विसरून गेले.

तो तुमचा पहिला. तुम्ही तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलात. पुढच्या हंगामात ते आले तेव्हा पुसून, पेट्रोल भरून, नवा चकमकीचा खडा घालून पुढे केलात. त्यांनी एका झटक्यात पेटणारी ज्योत बघितली आणि म्हणाले, माझ्याकडे हा कधी असा पेटला नाही, तुमच्याकडेच राहू द्या. मग ही गोष्ट दलालांमध्ये पसरली. कुणी विसरून गेलं, कुणी बिघडलेला आणून दिला, कुणी मुंबईहून येताना चोरबाजारातून एखादा उचलून आणला. सुरतेचा एक व्यापारी तर दर हंगामाला मिठाईऐवजी लायटर आणायचा. अक्का म्हणायची, निदान मिठाई खाता तरी आली असती.

माझा पाईप हा तसा आगंतुकच. एका पारशी न्यायाधीशांच्या बंगल्यावर जाणं-येणं होतं. निवृत्त होऊन जाताना त्यांनी त्यांचा जुना पाईप मला दिला आणि मी तो तोंडाला चिकटवून घेतला. धुळ्यात तेव्हा पाईप ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाररूममध्ये सगळे म्हणायचे, वकीलसाहेबांचं इंजिन आलं. मला खरं तर ते आवडायचं. पहिल्यांदा तो घेऊन जळगावला तुमच्याकडे आलो, तेव्हा माझ्या बहिणीनं कपाळाला हात लावला आणि तुमचा चेहरा मात्र असा उजळला की काय सांगू. इतकी वर्षं कपाटभर लायटर आणि घरात ओढणारा माणूस नाही. शेवटी देवानं मेहुणा पाठवला.

त्या दिवशी मी काडेपेटी काढली, काडी ओढली आणि तुम्ही माझा हात धरलात. "वकील, हाई काय शे?" म्हणालात. पारोळ्याची बोली तुमच्या तोंडात रागात किंवा प्रेमातच यायची, एरवी ऑफिसची मराठी. मी म्हटलं, काडी आहे. तुम्ही म्हणालात, समोर कपाट असताना काडी? आणि तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. पेट्रोलच्या लायटरनं पाईप पेटवला की पहिल्या चार झुरक्यांना रॉकेलच्या दुकानाची चव येते. काडीला लाकडाचा वास असतो, तो तंबाखूला शोभतो. तुमचं म्हणणं, पेटवल्याबरोबर तोंडाशी नेणारा माणूस मूर्ख. ज्योत जरा जळू द्यायची, वरचा वास उडू द्यायचा, मग न्यायची. आणि पाईपला सरळ ज्योत कामाची नाही, ती आडवी खाली वळली पाहिजे, नाहीतर बोटं भाजतात आणि वाटीची कड काळी पडते. तुमच्याकडे एक होता, ज्योतीभोवतीच्या पत्र्याला बाजूनं गोल भोक असलेला. पाईपची वाटी त्या भोकाला लावून झुरका घेतला की ज्योत आपोआप आत ओढली जायची. मी पेटवला, चांगलाच पेटला. पण कबूल करीन तर वकील कसला. मी म्हटलं, काडीची सर नाही.

सिगारची गोष्ट वेगळी, हेही तुम्हीच मला शिकवलंत. सिगारला ज्योत लावायची नाही, नुसती खाली धरायची, सिगार फिरवायचा आणि तो ऊब खात खात पेटू द्यायचा. त्यासाठी वात रुंद हवी, ज्योत शांत हवी. एकदा मी मुद्दाम सिगारचा लायटर पाईपला लावला तर तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. "तुले काय समजस? हाई सिगारनं शे." ज्या माणसानं दोन्हीपैकी काहीही कधी ओढलं नाही, त्यानं मला हे सांगावं, याचा मला राग यायचा आणि हसूही यायचं. विचारलं तर म्हणायचात, फाटकावर इतकी वर्षं बसलो, माणसं बाहेर आली की पहिलं काय करतात तेच बघतो.

लायटरच्या पोटात कापूस असतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. पेट्रोल धरून ठेवायला. तुम्ही आतला परदेशी कापूस काढून टाकायचात आणि आपल्या जिनातला भरायचात. तोही कुठला भरायचा यावर तुमची मतं. विरनार जातीचा लांब धाग्याचा, मऊ, तो धोतराला चांगला. लायटरला जरीला जातीचाच, आखूड, खरखरीत, पेट्रोल घट्ट धरणारा. चिमटीत धरून असा हळूहळू भरायचात, की बघणाऱ्याला वाटावं बाळाची दुपटी शिवताहेत. मी म्हणायचो, दाजी, कापसापासून आग लांब ठेवायला दिवसभर पगार घेता आणि संध्याकाळी कापसातच आग भरता. तुम्ही हसायचात. तुमचं ते पोट हलवत हसणं आता ओसरीवर ऐकू येत नाही, आणि ते जिवाला लागतं. सरळ सांगतो.

हळूहळू लोक तुमच्याकडे लायटर निवडून घ्यायला यायला लागले. कुणाला सासऱ्याला द्यायचा, कुणाला साहेबाला. तुम्ही किंमत विचारायचा नाहीत, कंपनी विचारायचा नाहीत. विचारायचात, अंगठा कसा आहे? लोक बुचकळ्यात पडायचे. पण तुमचा हिशोब पक्का होता. जाड, कष्टाचा अंगठा असेल तर चाक फिरवायचा. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या हाताला नुसती पट्टी दाबायचा. कंप असेल तर टेबलावर ठेवायचा जड, उचलायची गरज नाही. गॅसचा लायटर निघाला तेव्हा सगळ्यांना तोच हवा होता, वास नाही, ज्योत कमी-जास्त होते. तुम्ही म्हणायचात, वस्तू उत्तम, पण जळगावात गॅस कोण भरून देणार? संपला की शोभेचा. असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवायचात, दुकान नव्हतं तरी.

आणि मग तुमचाच अंगठा गेला.

जिनातून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू. मी पोचलो तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलात तुम्ही छताकडे बघत पडला होता. मी म्हटलं, दाजी, मी आलोय. तुम्ही काहीतरी बोललात ते मला कळलं नाही. अक्काला कळलं. पुढे कळायला लागलं की तुमची ऑफिसची मराठी सगळी पुसून गेली होती आणि उरले होते ते पारोळ्याचे लहानपणीचे चार-दोन शब्द. नही. माले. बस. बठ्ठं, म्हणजे सगळं. एवढ्यावर संसार चालवायचा.

डॉक्टर म्हणाले, हाताला व्यायाम द्या, चेंडू दाबू द्या. अक्का रबराचा चेंडू घेऊन आली. तुम्ही तो डाव्या हातानं उचललात आणि अंगणात फेकून दिलात. कणीक मळायला दिली, तीही ढकललीत. बायकांची कामं करायला लावता, असा चेहरा. रोज मालिश करणारा यायचा, त्यालाही हात लावू देईनात. अक्काच्या नाकी नऊ आले. पाय थोडा सुधारला, काठीनं ओसरीपर्यंत यायला लागलात, पण उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

एका रविवारी मी शेजारी बसून पाईप भरला आणि सवयीनं काडी काढली. तुम्ही घशातून आवाज काढलात. "नही." आणि डाव्या हातानं कपाट दाखवलंत. अक्कानं आपणहून त्या कपाटाला कधी हात लावला नव्हता. ती उठली, कप्पा आणून तुमच्या पुढ्यात ठेवला. तुम्ही डाव्या हातानं एक उचललात, उजव्या हाताच्या बोटांत खुपसलात आणि अंगठा हलवायचा प्रयत्न केलात. अंगठा हलला नाही. पण कपाळावर शीर उभी राहिली, आणि अक्का मला म्हणाली, "बापू, दवाखान्यातून आल्यापासून आज पहिल्यांदा या हातानं काही धरायला बघितलं यांनी."

त्या दिवसापासून रविवारची बस माझ्या मागे लागली. सकाळी धुळ्याहून निघायचं, पारोळा, एरंडोल करत दुपारी तुमच्याकडे, संध्याकाळी परत. कपाटातला प्रत्येक लायटर आपण आळीपाळीनं त्या अंगठ्यावर घालून पाहिला. गोल भोकाचा, तुमचा लाडका, त्याचं चाक घट्ट. टेबलावरचा जड बरा, पण तो पेटवून पाईप त्याच्यापाशी न्यायला मला वाकावं लागे, आणि ते तुम्हाला चालेना. पेटवून दुसऱ्याच्या तोंडाशी नेलं पाहिजे, हा तुमचा हट्ट. आयुष्यभर ज्यांना लायटर निवडून दिले त्या सगळ्या अंगठ्यांत तुमचाच सगळ्यात नाठाळ निघाला. कधी ठिणगी पडे, कधी पडतच नसे. शेवटी तुमचा चेहरा लाल व्हायचा, मी म्हणायचो, राहू द्या आज, पुढची तारीख घेऊ. आणि काडी ओढून पाईप पेटवायचो. म्हणायचो, काडी जिंकली. तुम्ही मान फिरवायचात, रागानं. पण सोमवारी सकाळी अक्काला खूण करून कप्पा मागायचात. आठवडाभर सराव. हे मला अक्का सांगायची.

आता तुमच्यापासून लपवून ठेवलेलं सांगतो. गेल्या दिवाळीत माझा खोकला वाढला होता. धुळ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, बघितला आणि म्हणाला, वकीलसाहेब, पाईप आजपासून बंद, नाहीतर मला पुन्हा दाखवायला येऊ नका. मी बंद केला. खरोखर बंद केला. फक्त रविवारी तुमच्या ओसरीवर ओढायचो, कारण तुमचा हात दुसऱ्या कशासाठी हलत नव्हता. नुसता तोंडात धरून बघितला एकदा, झुरका न घेता. तुम्ही माझ्या गालांकडे बघितलंत आणि "नही" म्हणालात. इतकी वर्षं फाटकावर बसलेल्या माणसाला फसवणं सोपं नव्हतं. मग ओढायचो. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत खोकायचो.

अक्काला मी सांगितलं होतं. न सांगून चाललं नसतं, ती माझा खोकला लांबून ओळखते. ऐकून ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. म्हणाली, "बापू, एकाचा हात सुधारायचा तर दुसऱ्याची छाती जाळायची. मी कुणाकडून बोलू, तू सांग." मी म्हटलं, आठवड्यातून एकदा, काही होत नाही. ती म्हणाली, "तुला काय होतं ते मला ऐकू येतं." पण तिनं मला अडवलं नाही. उलट एक दिवस तीच तुमच्या कप्प्यातला पट्टी दाबायचा हलका पितळी लायटर पदराखाली घेऊन बाजारातल्या घड्याळजीकडे गेली आणि आतली स्प्रिंग ढिली करून आणली. तोंड फिरवून तुमच्या पुढ्यात ठेवला. भाऊ आणि नवरा यांच्यामध्ये ती अशी दोन्हीकडून ओढली जात होती, आणि आपण दोघं काडी की लायटर करत बसलो होतो.

तो शेवटचा रविवार. शेवटचा आहे हे कुणाला माहीत होतं? ऊन तापलेलं, ओसरीवर पाणी शिंपडलेलं. तुम्ही आधीच खुर्चीत येऊन बसला होता, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. पितळी लायटर उजव्या मुठीत. मला पाईप भरायलाही नीट वेळ दिला नाहीत. मी तो तोंडात धरला आणि तुम्ही अंगठा दाबलात. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा ज्योत उभी राहिली.

खरंच उभी राहिली. आणि विझलीही नाही. तुम्ही ती जरा जळू दिलीत, वरचा वास उडून जायला, जसं मला सांगत आलात तसंच. अक्का दारात होती, तिनं तोंडावर पदर धरला. तुमचा हात माझ्याकडे आला, वाटीच्या अगदी जवळ आला. आणि तिथं थांबला. तुम्ही माझ्या डोळ्यांत बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग अंगठा उचललात आणि झाकण पडलं.

मी म्हटलं, "दाजी, लावा ना." तुम्ही मान हलवलीत. "बस," म्हणालात. मला वाटलं हात दमला. मी म्हटलं, "जमलं हो, आता जवळच आणायचं होतं. दमलात ना? जाऊ दे. पुढच्या रविवारी." आणि खिशातून काडेपेटी काढली. तुम्ही हात पुढे करून ती घेतलीत, डाव्या हातानं, आणि सदऱ्याच्या खिशात टाकलीत. मी हसलो. म्हटलं, जिनचं फाटक लागलं वाटतं. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते, शब्द येत नव्हते, आणि मी तुमच्या खांद्यावर थोपटून म्हणत होतो, दमू नका, दमू नका. बसची वेळ झाली. निघताना अक्काला सांगितलं, आज थोडक्यात राहिलं, अंगठा दमला, पुढच्या वेळी नक्की लावतील. वळून पाहिलं तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता, नाराज चेहऱ्यानं. मी बसमध्ये विचार करत होतो की हरल्याचं वाईट वाटलं असणार.

बुधवारी तुम्ही गेलात. पुढचा रविवार आलाच नाही. वकिलाला तारीख मागायची इतकी सवय असते की कधी तरी तारीख संपते हे डोक्यातच येत नाही.

इतके दिवस मी हेच घेऊन बसलो होतो, दाजी. वाटायचं, एवढ्या महिन्यांची धडपड, आणि इंचभर अंतर राहून गेलं. तुमचा जीव त्यात अडकला असेल. रडू यायचं ते त्यासाठी. तुम्हाला जिंकू द्यायला हवं होतं, मीच तोंड पुढं करून ज्योतीत घालायला हवं होतं, असं वाटायचं. काल तेराव्याची माणसं पांगली, तुमची पहूरला दिलेली मुलगी झोपली, आणि मी हेच अक्काला बोललो. म्हटलं, अक्का, थोडक्यात राहिलं गं त्यांचं.

ती भांडी आवरत होती. थांबली. म्हणाली, "काही राहिलं नाही." मग ओले हात पदराला पुसून समोर येऊन बसली. आणि सांगायला लागली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही, तिनं तुम्हाला सांगून टाकलं. माझी छाती, डॉक्टर, दिवाळी, फक्त तुमच्यासाठी ओढतो ते. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. खुणेनं विचारलंत, कधीपासून? ती म्हणाली, दिवाळीपासून. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, आता लायटर टाकून देतील. पण तुम्ही कप्पा मागितलात. अंधार पडेपर्यंत अंगठा दाबत बसलात. जेवला नाहीत. ती रागावली, म्हणाली, आता कशाला मरमर, त्याला ओढू द्यायचं नाहीये ना? तर तुम्ही तिच्यावर डोळे वटारलेत आणि पुन्हा दाबायला लागलात. तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"तुला सांगायचं होतं त्यांना, बापू," अक्का म्हणाली. "ज्योत लावता येत नाही म्हणून नाही लावली. लावता येते, आणि तरी लावत नाही. हे तुला दिसायला पाहिजे होतं. आणि तू त्यांना, दमलात म्हणालास."

तिला मला बोल लावायचा नव्हता, ती लगेच म्हणाली, जाऊ दे, तुला तरी काय माहीत. आणि उठून भांड्यांकडे गेली.

दाजी, तुम्ही दमला नव्हता. मला आता कळलंय. तुमचा हात अगदी ठीक होता.